म्हशींची डिस्क

“घे. सगळी यात आहेत,” सुयोग म्हणाला आणि त्याने डिस्क माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला नाही. बाबांना जाऊन महिना झाला होता. मुलुंडहून मी भावाकडे बोरीवलीला आले होते ती बाबांची चित्रं न्यायला, आणि तसं त्याला फोनवर सांगूनही ठेवलं होतं. खाली टेम्पो उभा होता. डिस्क न्यायला कोणी टेम्पो करत नाही.

“चित्रं कुठे आहेत?”

“तेच सांगतोय ना. यातून तुला पाहिजे तेवढी प्रिंट काढ. कॅनव्हासवर काढ, मोठी काढ. हल्ली झकास येतात.”

त्या डिस्कमध्ये काय आहे हे मला त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती तयार झाली तेव्हा बाबांच्या शेजारी मी बसले होते.

माझे वडील गुणाजी परब. जन्मभर आरे कॉलनीतल्या तबेल्यांवर नोकरी केली, आणि घरी आले की हार्डबोर्डवर म्हशी रंगवल्या. दुसरं काही कधी रंगवलं नाही. हार्डबोर्डची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी खरबरीत, जाळी उमटलेली. बाबा खरबरीत बाजू घ्यायचे. काळा ऑइल रंग त्या जाळीत मुरला की बोटांना थेट म्हशीचं कातडं लागायचं. पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी बाबा बोर्ड पुढे करायचे. “हात लावन बघा.” आई होती तेव्हा स्वयंपाकघरातून विचारायची, ते चहा प्यायला आलेत की तुमच्या म्हशी धुवायला?

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी जवळच्या एका हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. बाबा दोन बोर्ड काखेत मारून तिथे गेले. तिथल्या बाईंनी ते उघडूही दिले नाहीत. मूळ चित्रं आणू नका, पोर्टफोलिओची डिस्क करून आणा, म्हणाल्या. म्हणून आम्ही विकीच्या स्टुडिओत गेलो. विकी लग्नांचे अल्बम करायचा. त्याने एकेक बोर्ड भिंतीला टेकवून फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर बसून म्हशी उजळ करायला घेतल्या. नवरीचे चेहरे उजळ करायची सवयच होती त्याला. पहिली म्हैस बघता बघता राखाडी झाली.

“ही म्हस आसा की घूस?” बाबांनी विचारलं.

“काका, डार्क आहे ना सगळं. स्क्रीनवर काही दिसणारच नाही. थोडी फेअर करतो, मस्त दिसेल.”

“काळा आसा ता काळाच दिसांदे.”

तशीच डिस्क झाली. वर बाबांचं नाव, नावाभोवती विकीने आपणहून घातलेली फुलांची वेल, आणि आत एकामागून एक काळे चौकोन. हॉलच्या बाईंचा फोन आला, तुमची डिस्क खराब झालेली दिसते, सगळं काळंच येतंय. बाबा म्हणाले, बरोबर आहे, म्हशीच आहेत त्या. एकदा घरी येऊन बघा, असंही म्हणाले. बाई आल्या नाहीत. चित्र बघायचं म्हणतात आणि चित्र आणू नका म्हणतात, त्या माणसांचा मला अजून राग येतो. बाबांना आला नव्हता. त्यांनी डिस्क कपाटात टाकली आणि नवा बोर्ड घेतला.

तीच डिस्क आता सुयोग मला वारसा म्हणून देत होता.

“मूळ बोर्ड कुठे आहेत, सुयोग?”

मग त्याने सांगितलं. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, घर खाली करायची तारीख आली तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते. ही भाड्याची जागा म्हणजे दीड खोली. सामान हलवणाऱ्यांनी आरसा आणि टीव्ही बांधायला काही कडक मागितलं, घाईत बोर्ड दिले गेले. सामान उतरलं, बोर्ड त्यांच्या गाडीतच गेले. हे सगळं तो एखादी बादली हरवल्यासारखं सांगत होता.

“डिस्क होती ना. म्हणून मी टेन्शन घेतलं नाही.”

“मग आरशाचा पण फोटो काढायचास. आरसा कशाला आणलास?”

त्याचा चेहरा लाल झाला. “ताई, तू मुलुंडला राहतेस. इथे बाबांचं हगणं-मुतणं मानसीने काढलंय.”

हे खरं होतं. मानसीने, त्याच्या बायकोने, बाबांसाठी जे केलं ते मी केलं नसतं. पण बायकोच्या कष्टांआड उभं राहून बोलणारा नवरा बघितला की माझा राग निवत नाही, वाढतो. मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की बाबांनी घरी आल्यावर चित्रांची चौकशी केली नाही का.

“केली. कपाटात आहेत म्हणून सांगितलं.”

“आणि त्यांना पटलं?”

मानसी चहाचे कप घेऊन आली होती, तिने उत्तर दिलं.

“पटलंच असणार. पुन्हा नाही विचारलं त्यांनी. पण ताई, सारखा त्या फटीत हात घालून पडायचे. कपाटाच्या मागे. भिंतीला घासून सोलवटेल म्हणून मी उशी लावायची, तर ती काढून टाकायचे. म्हातारपणी कसली कसली सवय लागते ना.”

सुयोगने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

बाबांचा पलंग अजून तिथेच होता, डोक्याशी भिंत आणि भिंतीला लागून ते जुनं लाकडी कपाट. फटीत उशी कोंबलेली होती. मी पलंगावर बसले, उशी काढली आणि बाबा घालत असतील तसा हात आत घातला. एका बाजूला भिंतीचा गार चुना. दुसऱ्या बाजूला जाळी. कातडं.

मी हात तसाच ठेवला.

“कपाटाची पाठ वाळवीने खाल्ली होती,” सुयोग माझ्या मागे उभा राहून बोलू लागला. “सुतार म्हणाला नवी शीट लागेल. घरात हार्डबोर्ड होतेच, चांगले जाड. गुळगुळीत बाजू आत घेतली, कपड्यांना लागायला नको म्हणून. चारच लागले, बाकीचे गाडीत गेले ते. मापात थोडे कापायला लागले.”

“थोडे,” मी म्हणाले.

“बाबांना कळेल असं वाटलं नाही गं.”

“कपाट पुढे ओढ.”

“आत्ता?”

त्याच्या आधी मानसीने खालचा कोपरा धरला. दोघांनी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं आणि तिरकं केलं. एका म्हशीची मान करवतीने उडवली होती, तिची शिंगं दुसऱ्या बोर्डावर उलटी आली होती. पाठीच्या कण्यावरून ओळीने खिळे मारले होते. सगळ्यावर धूळ बसली होती, आणि धुळीने म्हशी राखाडी झाल्या होत्या, विकीने त्या दिवशी पहिली म्हैस केली होती तशाच. फक्त पलंगाच्या उंचीवर, आडव्या माणसाचा हात पोचेल तेवढा तुकडा धुतल्यासारखा स्वच्छ होता. काळा, चकचकीत.

बाबांना चित्रं सापडली होती. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मानसीने तोंडावर पदर धरला. सुयोग आतून ओलं फडकं घेऊन आला. “पुसून देतो,” म्हणाला. मी त्याच्याकडे बघितल्यावर ते हातातच राहिलं.

“तुझे शर्ट काढून घे,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“कपाट मी नेतेय.”

“ताई, अगं, मी कपडे कुठे ठेवू?”

“फोटो काढून ठेव.”

तो हँगरसकट शर्ट काढून बाबांच्या पलंगावर रचत राहिला. त्या ढिगाखाली पलंग दिसेनासा झाला. डिस्क टेबलावरच होती. मी तिला हात लावला नाही.

टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार वर आले. कपाटाला एक फेरी मारून त्यांनी अंदाज घेतला. जोडीदार मागच्या बाजूला गेला आणि तिथे थबकला.

“मॅडम, पाठीवर पेंटिंग आहे. उचलताना हात लागणार.”

“लागू दे,” मी म्हणाले. “हात लावण्यासाठीच आहे ते.”