शिक्का न बसलेला कागद

मी बोलतोय, पण माझा आवाज तुम्हाला थोडा दबलेला वाटेल. दोन्ही अंगांनी प्लास्टिक चिकटलेला कागद असाच बोलतो. मी एक प्रमाणपत्र आहे. नेवेना त्सेकोवा या बाईला परक्या मुलखातल्या लोकांना इंग्रजी शिकवता येतं, एवढं एकच वाक्य माझ्यावर छापलंय. बाकी निळी किनार, एक सही, एक नंबर आणि कोपऱ्यात सोनेरी टिकली.

माझा जन्म सोफियातला. नेवेनाने तिथे चार आठवडे शिकवण्याचं शिक्षण घेतलं, त्याचा मी पुरावा. तिच्यापुढे सरावासाठी पेन्शनर म्हातारे येऊन बसायचे. वर्ग फुकट होता आणि खोली गरम होती, म्हणून. त्यातल्या एकाला तिने इंग्रजीतून सूप मागवायला शिकवलं. तो इतका खूश झाला की त्या तासाभरात त्याने तीनदा सूप मागवलं आणि तिसऱ्यांदा मीठ कमी असल्याची तक्रारही केली. शेवटच्या दिवशी मॉरीन नावाच्या आयरिश शिक्षिकेने माझ्यावर सही केली, फुंकर घालून शाई वाळवली आणि म्हणाली, "हा घेऊन आता दारं वाजवत फिर. सगळी उघडतील असं समजू नकोस."

नेवेनाने मला दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवलं आणि लोमपर्यंतच्या बसमध्ये मांडीवरून खाली उतरवलं नाही. लोम म्हणजे डॅन्यूबच्या काठावरचं तिचं गाव. तिथून लोक जातात. शिवणाच्या कारखान्यातल्या बाया इटलीला गेल्या, ड्रायव्हर जर्मनीला गेले, दातांचा डॉक्टरसुद्धा गेला. नेवेना एकतीस वर्षांची होती आणि आता आपली पाळी, असं तिला वाटत होतं.

त्याच हिवाळ्यात तिच्या आईचं, स्तोयांकाबाईचं, डावं अंग गेलं. मी कपाटाच्या खणात गेलो. वर टेबलावरचं मेणकापड, खाली औषधांच्या चिठ्ठ्या, मधे मी. दोन वर्षं.

माणसं आपल्या अभिमानाच्या वस्तू नेहमी अंधारात ठेवतात, हे मी त्या खणात शिकलो. कुणी भेटायला आलं की आई उजव्या हाताने खण ओढायची आणि मला बाहेर काढायची. तिचं बोलणं जड झालं होतं. ती फक्त माझ्यावरच्या नावावर बोट ठेवायची आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पाहुणा "वा" म्हणेपर्यंत बोट उचलायची नाही.

नेवेना माझा फोटो काढून देशोदेशी पाठवत होती. उत्तरं यायची ती बहुतेक एकाच चालीची: मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांनीच अर्ज करावा. तिने एकदा ते मोठ्याने वाचलं, तेव्हा तिचा धाकटा भाऊ जेवत होता. हा कामेन. वय एकोणीस. आठवीतून शाळा सोडलेली, टायरच्या दुकानात काम, आणि आधी हात चालणार, मग डोकं.

"ताई, सांग की त्यांना, जन्म लंडनचा म्हणून," तो म्हणाला. "लहानपणी टोपलीतून वाहत आले इथे."

"आणि तू कुठून वाहत आलास?"

"मी इथलाच. मला कोण वाहून नेणार."

आई एका बाजूने हसली. मला खणाच्या फटीतून तेवढं दिसलं.

जानेवारीत आई गेली.

या गावात माणूस गेलं की त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद छापतात आणि फाटकावर, बेकरीच्या भिंतीवर, बसथांब्यावर लावतात. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी आणखी एक. कागद तिथेच राहतो, ऊन-बर्फ खात. आईचा पहिला कागद कामेननेच फाटकावर चिकटवला होता. आठवड्याभरात बर्फाळ पाऊस झाला आणि शाई उतरली. तो कामावरून आला तेव्हा आईचा गाल हनुवटीपर्यंत ओघळला होता. तो आत आला नाही. किती तरी वेळ त्या कागदापुढे उभा राहून बाहीने पुसत होता, आणि जितकं पुसलं तितकी आई आणखी पुसली गेली. नेवेनाने त्याला दंडाला धरून आत आणलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर नेवेनाला व्हिएतनाममधून निरोप आला. हायफाँग शहरातल्या एका भाषाशाळेचे थान्ह नावाचे साहेब कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले आणि म्हणाले, "समजा मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. पाच मिनिटांत काहीतरी शिकवा." नेवेनाने फ्रीजमधून लाल ढोबळी मिरची आणली आणि ती भाजायची कशी, सोलायची कशी, चटका बसला की ओरडायचं कसं, ते सगळं शिकवलं. थान्हसाहेब शेवटी स्वतःची बोटं फुंकत होते. दोन दिवसांनी पत्र आलं. नोकरी एप्रिलपासून. अट एकच: सरकारी शिक्के मारलेली मूळ कागदपत्रं दहा मार्चच्या आत.

मी खणातून बाहेर आलो. टेबलावर, उजेडात.

शेजारच्या पेनकाआजीने बातमी ऐकली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ती मुरांब्यांच्या कारखान्यात व्हिएतनामी मुलींबरोबर कामाला होती. "त्या बिचाऱ्या इथे थंडीने कुडकुडायच्या," ती म्हणाली. "आता तू तिकडे जाऊन घाम गाळ. फिट्टंफाट."

सगळे हसले. कामेनही हसला, सगळ्यांच्या नंतर.

आईचे चाळीस दिवस भरायच्या आदल्या दुपारी नेवेना स्वयंपाकघरात गहू शिजवत होती, दुसऱ्या दिवशी लोकांना वाटायला. कामेन नवा छापलेला कागद आणायला झेरॉक्सच्या दुकानात निघाला. दारापर्यंत गेला, थांबला, मागे आला. हात पँटला पुसले आणि पुठ्ठ्यांमधून मला उचललं. कुणाला विचारलं नाही.

दुकानातल्या इस्क्राने आईच्या कागदाला प्लास्टिक लावलं, दोन्ही बाजूंनी, कडा बंद करून. मग कामेनने मला पुढे केलं. "हेही करा."

इस्क्राने मला उलटसुलट पाहिलं. "अरे, ही मूळ प्रत आहे. छायाप्रत काढते, तिचं लॅमिनेशन करून घे."

"छायाप्रतीला कशाला? खरीलाच करा."

"बहिणीला विचारलंस?"

"करा म्हटलं ना."

यंत्र गरम होतं. त्याच्या दोन रुळांमधून मी गेलो आणि माझ्या अंगावरची हवा कायमची गेली. कागद श्वास घेतो हे तुम्हाला माहीत नसेल. दमट दिवसांत तो थोडा फुगतो, कोरड्या दिवसांत आक्रसतो, हात लागला की किंचित हलतो. रुळांच्या पलीकडून निघालो तेव्हा मी गुळगुळीत, चकचकीत आणि ताठ होतो. मेलेल्या माशासारखा.

पण पुढचं ऐका, कारण हे माझ्याशिवाय कुणी ऐकलेलं नाही. दुकानाच्या छज्ज्याखाली कामेनने आईचा कागद आणि मला शेजारी शेजारी धरलं. बाहेर गारठलेलं पाणी पडत होतं. त्याने मुद्दाम दोन्ही कागद हाताने त्या पाण्यात धरले, आत घेतले आणि झटकले. शाई जागची हलली नाही. तो स्वतःशीच म्हणाला, "आता दोघींना काही होत नाही."

घरी येऊन त्याने मला परत पुठ्ठ्यांच्या मधे ठेवलं. सांगायचं होतं, पण घर गव्हाच्या वासाने आणि माणसांनी भरलं होतं.

सोमवारी नेवेना पहाटेच्या बसने सोफियाला गेली. शिक्क्यांच्या खिडकीपुढे दीड तास रांग होती. पुठ्ठे उघडले ते खिडकीतच.

खिडकीतल्या बाईने मला नखाने टकटक वाजवलं. "हे कुणी केलं?"

नेवेना माझ्याकडे पाहत राहिली. "भावाने केलं असेल."

"प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, बाई. कागद उघडा हवा."

"हे काढता येईल का?"

"काढायला जाल तर फाटेल. फाटक्यावरही बसत नाही. नवी प्रत मागवा. पुढचे."

परतीच्या बसमध्ये तिने मला मांडीवर घेतलं नाही. मी वरच्या फळीवर होतो, पिशव्यांमध्ये.

घरी पेनकाआजी घेवड्याची भाजी घेऊन बसली होती. इस्क्राने गावभर सांगितलं होतं, "मी त्याला छायाप्रत कर म्हटलं, त्यानेच ऐकलं नाही." पेनकाआजीने मला पाहिलं आणि भाजी ढवळत म्हणाली, "बहिणीला कोंडायला लोक कुलूप आणतात. आमच्या कामेनचं प्लास्टिकात भागलं."

नेवेनाने कोटही काढला नव्हता. "कामेन, खरं सांग. मी जाऊ नये म्हणून केलंस?"

मी टेबलावर होतो. मी ओरडलो. प्लास्टिकच्या आतून कुणाला ऐकू जातं?

कामेनचे कान लाल झाले. त्याने बहिणीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "मुद्दाम केलं. आता कर काय करायचं ते."

आणि जेवण टाकून निघून गेला.

माणसं खोटं बोलतात ती बहुतेक स्वतःला वाचवायला. स्वतःला बुडवायला बोललेलं खोटं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नेवेना नसताना भर दुपारी तो कामावरून पळत आला. इस्त्री तापवली, माझ्यावर फडकं टाकलं आणि कडेला टायर कापायचं पातं लावलं. तो माझ्याशी हळू वागत होता, पण त्याच्या हातांना हळू वागायची सवय नव्हती. प्लास्टिक उचललं, त्याबरोबर मॉरीनच्या सहीचं शेपूट उचललं. तो थांबला. खुर्चीत बसला आणि पातं हातात धरून रडला, अगदी लहान मुलासारखा, नाक पुसत. मग सगळं जागच्या जागी ठेवून परत गेला.

दहा मार्च आला आणि गेला. थान्हसाहेबांनी कळवलं की ऑगस्टमध्ये पुन्हा जागा निघतील, तेव्हा विचार करू, पण शब्द देत नाही. घरात भाऊबहीण मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलत होते. कामेन जेवण दुकानातच करू लागला. मी टेबलावर तसाच पडून होतो. कुणी मला खणात ठेवत नव्हतं, कुणी फेकतही नव्हतं. मला खरं माहीत होतं आणि ते माझ्याबरोबर प्लास्टिकात बंद होतं.

एप्रिलमध्ये सोफियाच्या संस्थेचं पत्र आलं. नवी प्रत मिळेल. मात्र एका नंबरचे दोन कागद असू शकत नाहीत. जुनी प्रत कापून, दोन्ही तुकड्यांचा फोटो पाठवावा.

तो रविवार होता. नेवेनाने पत्र वाचून दाखवलं आणि कात्री कामेनपुढे सरकवली. "तू कर. माझ्याने होणार नाही."

त्याने कात्री घेतली, मला घेतलं, आणि हात तिथेच अडला.

"ताई, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"कुठल्या दिवशी?"

"मुद्दाम केलं म्हणालो तेव्हा."

नेवेना बराच वेळ मेणकापडावरचा एक डाग नखाने खरवडत होती. "मग म्हणालास कशाला?"

"तू विचारलंस म्हणून. तुला विचारावंसं वाटलं, म्हणून." त्याचा आवाज फाटला. "आई वाहून गेली ना त्या कागदावरून. मला वाटलं, तुझाही... मला काय माहीत त्यावर शिक्का मारायचा असतो. मला कोण सांगतंय?"

नेवेना उठली. मला वाटलं ती बाहेर जाणार. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि माझी दोन टोकं दोन हातांनी घट्ट धरली, ताणून, म्हणजे त्याला कापायला सोपं जावं.

"सरळ काप," ती म्हणाली. "फोटोत नाव आणि नंबर दिसायला हवेत."

त्याने सरळ कापलं. जमेल तितकं सरळ.

आता माझे दोन तुकडे खिडकीत पडलेत. कायद्याने मी संपलोय. पण कापलेल्या कडेने हवा येते. फार नाही, सूतभर. दमट दिवशी ती कड थोडी फुगते, आणि मला आठवतं की मी कागद आहे. नवी प्रत अजून आलेली नाही. थान्हसाहेबांचा शब्दही आलेला नाही. कामेन रोज कामावरून आला की आधी टपालाची पेटी बघतो, मग हात धुतो.

तेव्हा माझी विनवणी तुम्हा माणसांना नाही, माझ्या जागी येणाऱ्या त्या कागदाला आहे. बाबा रे, लवकर ये. इथे एक पोरगा आहे, त्याचे हात काळे असतात आणि तो न विचारता उचलतो. त्याला घाबरू नकोस. त्याचा डाग पडला तर पडू दे, सुरकुती पडली तर पडू दे, पण उघडा राहा. मला जाता आलं नाही. तू तिला घेऊन जा.