वळण क्रमांक एकतीस

आरेखकाने तिसाव्या वळणापुढे 'नाला' असे लिहिले, पेनाला टोपण लावले आणि पुन्हा काढले.

समोर मतदारसंघाचा जुना नकाशा पसरला होता. सीमारेषा सरळ येई, मध्येच आत शिरे, पुन्हा बाहेर पडे. बावीस वर्षांपूर्वी ती त्यानेच काढली होती. तेव्हा सीमा सत्तेतल्या पक्षाच्या सोयीने, बंद खोलीत ठरत. आता नवा आयोग आला होता आणि त्याचा नियम साधा होता. प्रत्येक वळणाचे कारण लिहायचे. नदी, नाला, रस्ता, लोकसंख्या असे काही असेल तर वळण राहील; नसेल तर रेषा सरळ होईल. अकरा वळणांपुढे त्याने न कचरता 'वरून आदेश' असे लिहिले होते.

"एकतीसला अडलात?" नोंदवही सांभाळणाऱ्या कारकून बाईंनी विचारले.

"आठवत नाही."

"मग कोरं सोडा. कोरं वळण आपोआप सरळ होतं. कुणी हरकत घेतली, तरच उत्तर द्यावं लागेल."

त्याने कोरे सोडले.

आठवत सगळे होते. कचेरीच्या तेव्हाच्या साहेबांनी पेन्सिलीने टिंब दिले होते, "ह्या सात इमारती पलीकडे टाका." त्यातल्या तिसऱ्या इमारतीत वर त्याचा मोठा भाऊ राहत होता, खाली तो स्वतः. भाऊ शाळेत मास्तर. नोकरी सोडून तो निवडणूक लढवणार, हे गल्लीला ठाऊक होते, साहेबांनाही. आरेखकाने पट्टी ठेवली आणि रेष ओढली. घरी मात्र सांगितले, ते काम दुसऱ्या टेबलावर गेले.

मास्तर एकसष्ट मतांनी पडले. गल्लीतली ओळखीची तीनशे मते पलीकडे गेली होती.

"ज्याला स्वतःचंसुद्धा मत मिळालं नाही, असा उमेदवार दाखवा मला!" मास्तर पाहुण्यांना सांगत. सगळे हसत. आरेखक अशा वेळी पाणी पीत असे.

नोंदवही पंधरा दिवस लोकांसाठी खुली ठेवली गेली. चौथ्या दिवशी सकाळी मास्तर भिंत चाचपत खाली आले. मोतीबिंदू काढल्यामुळे एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा आधीपासूनच अधू.

"चल रे धाकट्या. तू वाच, मी ऐकतो."

"दादा, पट्टी तरी निघू दे."

"पट्टी निघेपर्यंत मुदत संपेल. चप्पल घाल."

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चढले. बाईंनी मान वर केली, दोघांना पाहिले आणि वही पुढे सरकवली.

"'रस्ता'," तो वाचू लागला. "'वरून आदेश.' 'वरून आदेश.' 'नाला.'"

"माणूस खरा दिसतोय," मास्तर म्हणाले. "स्वतःच्या हातानं लिहून देतोय. आपली गल्ली कुठाय?"

"एकतीस."

"वाच की मग. थांबलास का?"

"कोरं आहे, दादा."

मास्तर हसले नाहीत.

"कोरं? मग हरकतीचा कागद माग. मी सांगतो, तू लिही. सात इमारतींभोवती रेष का वळली? सरळ तर कराच, पण आधी कारण सांगा."

त्याने शब्दन् शब्द लिहिला. मास्तरांनी चाचपडत खाली सही केली. ती ओळीखाली घसरली.

बाईंनी कागद वहीच्या उघड्या पानाशेजारी ठेवला. एकदा कागदावरचे अक्षर पाहिले, एकदा वहीतले. मग आरेखकाकडे पाहिले.

"पत्ता?"

"तिसरी इमारत, वरचा मजला," मास्तर म्हणाले. "खाली हा राहतो."

"आठ दिवसांत लेखी उत्तर मिळेल."

"देणार कोण पण? साहेब तर गेले."

बाईंनी शिक्का शाईच्या गादीवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला. पलीकडे कुणीतरी कपाट लावत होते. ते लागले.

"मी," आरेखक म्हणाला.

शिक्का कागदावर उमटला. बाईंनी पोचपावती फाडून टेबलाच्या कडेला ठेवली. ती कुणीच उचलली नाही.

मास्तरांनी खांद्यावरचा हात काढला नाही. अजून दोन मजले उतरायचे होते.