डोळ्यातलं तांबं

रुखवतातला हंडा, साडेतीन किलोचा. विट्याहून रेल्वेनं मांडीवर घेऊन आणलेला.

चेन्नईजवळच्या कोवलमचा मे महिना. वाळू इतकी तापते की कोंबडीसुद्धा एक पाय वर धरून उभी राहते.

सही करायला गेलं की पेन कागदाबाहेर.

चोख सोनं हवं तर आधी त्यातलं तांबं काढावं लागतं.

गावाकडच्या एका अंगणात लिंबं, हळद, काळी बाहुली.

चहाची बशी. तिसरी.

तिसऱ्या बशीपासून सांगते, कारण ती रंजनीच्या हातून फुटली आणि भांडण पेटलं. मी जयंती, तिची शेजारीण. भिंतीला भिंत लागून आहे, ऐकायला कान लावावा लागत नाही. आमची दोन्ही घरं गलाईवाल्यांची. इथल्या कोळणी मोडके दागिने आणतात, आमची माणसं ते तेजाबात घालून, आटवून सोनं वेगळं करून देतात.

"गुरुवारचं तिकीट काढलंय. तुझ्या आयनं देवऋषी बघून ठिवलाय. जा गावाकडं," महालक्ष्मीकाकू सुनेला म्हणाल्या.

"न्हाई जायची." रंजनीची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ती ढेकूळ फोडल्यासारखा काढायची.

"हात पाखरागत फडफडत्यात, तोंडातनं लाळ गळतीया, आन् म्हणं न्हाई जायची!"

"डाक्टरीणबाई काय म्हणल्या, इसरलासा?"

काकू विसरल्या नव्हत्या. परवाच आम्ही सगळे चेन्नईतल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर सुष्मिता मूळच्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं जुन्या वळणाचं मराठी तमिळ चालीवर डुलत यायचं. रंजनीचे सासरे कृष्णकांतअण्णा खूश होऊन माझ्या कानात म्हणाले, "आयला, माझ्या पणजीगत बोलतीया!"

डॉक्टरांनी रंजनीला हात पसरायला लावले, सही करायला लावली. मग डोळ्यात उजेड टाकला आणि अण्णांना बोलावलं, "तुम्ही बघा."

बुबुळाच्या कडेनं तपकिरी-हिरवट कडं होतं.

अण्णा चाळीस वर्षं तेजाबावर वाकलेला माणूस. "तांबं हाय ह्ये!" ते जवळजवळ ओरडले.

"तांबंच. रक्ताची, लघवीची तपासणीही तेच सांगते. अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्याच अंगात जातं, यकृत ते बाहेर टाकतं. हिचं टाकत नाही. साठतं, मेंदूत जाऊन बसतं. म्हणून हात, म्हणून जीभ. विल्सनचा आजार म्हणतात याला. आईबाप दोघांकडून आला तरच होतो. भूत नव्हे, वेड नव्हे. गोळ्यांनी तांबं निघेल, पण गोळ्या जन्मभर. शेंगदाणे, खेकडे बंद. तांब्याचं भांडं बंद."

"शेंगदाणं बंद?" काकू उसळल्या. "मग भाजीत कूट म्हणून वाळू घालू?"

आम्ही हसलो. पण त्यांना टोचलं होतं ते शेवटचं वाक्य. हात थरथरायला लागल्यापासून काकू रोज सकाळी रुखवतातल्या त्या तांब्याच्या हंड्यातलं शिळं पाणी दोन पेले भरून सुनेला पाजत होत्या. वात उतरतो म्हणून. हंडा चिंचेनं स्वतः घासायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

तेच आता भांडणात बाहेर आलं.

"म्हंजी म्याच इख पाजलं म्हण की! सांग जयंतीला, सांग साऱ्या गावाला!"

"तसं न्हाई, आत्ती. हंड्यानं आजार झाला न्हाई. त्यांनीच सांगितलं. पर आता नगं."

"तांब्याचं पानी कुनाला बाधलंय आजवर? गुरुवारी जायचं. उन्मेष, पिशवी भर तिची."

उन्मेष, तिचा नवरा, दारात उभा राहून पायाचं नख बघत होता.

रंजनी उठली. हंडा फरफटत अंगणात आणला, पाणी वाळूवर ओतलं. वाळूनं ते लगेच गिळलं. मग अण्णांचा हातोडा घेतला. पहिला घाव वाळूत गेला. दुसरा पायरीवर, टवका उडाला. रस्त्यावरच्या कोळणी टोपल्या खाली ठेवून "अय्यय्यो" करत उभ्या राहिल्या.

उन्मेष धावला. "दे, मी मारतो."

"हात लावू नगंस. म्हायेरचा हाय माझ्या."

तिसरा घाव हंड्याच्या गळ्यावर. दंड फडफडत होता, घाव मनाला येईल तिथं पडत होता.

"हलतोय तर हलू दे!" रंजनी ओरडली. लाळ गळत होती, तिनं पुसली नाही. "घाव बसतोय तर खरा! न्हाई जायची म्या. हितंच ऱ्हानार, गोळ्या खानार!"

हंडा गडगडत निसटला. मग काकू पायऱ्या उतरल्या. तापल्या वाळूत अनवाणी. मला वाटलं, आता हातोडा हिसकतात. त्यांनी हंड्यावर एक पाय रोवून तो दाबून धरला.

"वाकडं मारतीयास," त्या म्हणाल्या. "हिकडं मार. बुडावर. आन् माझं बोट सांभाळ."

गुरुवारी गाडी गेली. रंजनी ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यातनं गोळी गिळत होती. निम्मं पाणी पदरावर सांडलं. हात थांबायला महिने लागतील, पूर्ण थांबतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. चौथी बशी फुटली तेव्हा काकू आतूनच म्हणाल्या, "फुटू दे."

रंजनीचा धाकटा भाऊ प्राणेश सोळाव्या वर्षी वारला होता. त्याचेही हात असेच फडफडायचे, आणि त्याला त्याच देवऋषीकडे नेलं होतं.