लाखोळीचा प्रयोग

यंदा सहावीचं विज्ञानाचं पुस्तक बदललं अन् माझी तेवीस वर्षांची मास्तरकी पाण्यात गेली. आधी कसं, प्रश्न द्या, उत्तर लिहून द्या, पाठ करून घ्या, झालं! आता जिथं तिथं एकच. 'करून पाहा. निरीक्षण लिहा.' अन् निरीक्षण म्हटलं की आमच्या मोहर्लीकडच्या पोराईले एवढंच माहीत, साहेब येणार, नखं कापून या. पहिल्या खेपेले बावीसपैकी एकोणीस वह्यांत तेच निघालं, 'साहेब आले. आम्ही उभे राह्यलो. साहेब गेले.'

डोकं आपटून घ्यावं वाटलं. मग समजावलं, बाबाहो, निरीक्षण म्हणजे आपल्या डोळ्यानं जे दिसलं ते.

पुढचा प्रयोग बी उगवण्याचा. तीन गिलास मांडले. एकात कोरडी लाखोळी, म्हणजे आमच्याकडच्या लाखेच्या डाळीचं बी, एकात ओल्या कापसावर, एकात पाण्यात बुडवून. शुक्रवारी आमचे केंद्रप्रमुख साहेब आजूबाजूच्या नऊ शाळांचे मास्तर घेऊन माझा वर्ग पाहाले येणार होते. नव्या पद्धतीनं शिकवणारा म्हणून माझं नाव निघालं होतं, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं काऊन बोलू, मले मनातून लई गुदगुल्या होत होत्या.

गुरुवार उजाडला तरी लाखोळी ढिम्म. बीच जुनं निघालं. घरी बायकोनं उसळीसाठी मटकीले मोड आणले होते. शुक्रवारी पोरं यायच्या आधी लाखोळी काढली अन् तीच मूठभर मटकी ओल्या कापसावर पसरली. म्हटलं, कोंब तो कोंब, कोणाच्या बापाले समजते!

पोराईनं निरीक्षण लिहिलं. मी वह्या चाळल्या. दिव्यानीच्या वहीत होतं, 'आम्ही लाखोळी टाकली होती. मटकी उगवली. काऊन, ते समजलं नाई.'

दिव्यानी म्हणजे मुखरूभाऊची पोरगी. दरवर्षी धान निघालं की त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळी असते. तिले मी मटकी दाखवून राह्यलो होतो! बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला.

"दिव्यानी, हे खोड."

"पण सर, मटकीच हाये ना."

"लाखोळी आहे म्हणतो ना! तुले माझ्यापेक्षा जास्त समजते का?"

तिनं गिलासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोडरबर घेतलं, खोडलं अन् लिहिलं, 'लाखोळी उगवली.'

साहेबांनी नेमकी तिचीच वही उचलली. वाचून म्हणाले, "वा! याले म्हणतात निरीक्षण." टाळ्या झाल्या, चहा झाला, माझा फोटो ग्रुपवर गेला. घरी जाताना गाडीवर मले स्वतःचीच लाज वाटली. ठरवलं, सोमवारी तिले खरं सांगून टाकू. सोमवारी जीभ उचलली नाई. मंगळवारीही नाई.

पुढच्या आठवड्यात चुंबक आलं. खिळा, टाचणी, खडू, पितळेची चावी, सगळं टेबलावर पसरलं. पोराईनं नुसता गोंधळ घातला. दिव्यानी मात्र वही उघडून गप बसली होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात चुंबक, त्याले खिळा चिकटलेला.

"लिही ना वं," मी म्हणालो. "काय झालं?"

तिनं मान वर केली.

"तुम्हीच सांगा ना सर," ती म्हणाली. "मले काय दिसलं म्हणून लिहू?"