राखलेले पील

साडेसहाला बंब पेटवून, गाईची धार काढून आणि भाकरी फडक्यात बांधून कुंदाबाई केळीच्या बागेत पोचली, तेव्हा लीलाधरच्या दोन ओळी उरकल्या होत्या. बुंध्याभोवती फुटलेली पिले तो विळ्याने छाटत होता. प्रत्येक खुंटापाशी एकच पील पुढच्या पिकासाठी राखायचे, ही रीत. कुंदाबाई तिसऱ्या ओळीला लागली. चौथ्या खुंटापाशी ओटीपोटात नेहमीची कळ उठली आणि विळा टाकून ती खालीच बसली.

दर महिन्याची ही कळ लग्नाइतकीच, सहा वर्षे जुनी. "आंदणातच आली वाटते," असे लीलाधर एरवी म्हणे. त्या दिवशी त्यानेही विळा टाकला. दहाच्या मोटारीने त्याने तिला जळगावला नेले.

डॉक्टर इंदिराबाई पुण्याकडच्या. तपासणी झाल्यावर त्यांनी दोघांनाही समोर बसवले.

"दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत. आत रक्त साठून काकवीसारखे घट्ट झाले असावे. सुईने उपसले, तर पुन्हा भरेल. पोट उघडून गाठीचे वेष्टण सोलले, तर चांगला भाग राखता येईल. मुलाची आशा राहील, पण गाठ परत येऊ शकते. दोन्ही अंडाशय काढले, तर बहुतेक कळ जाईल. पाळी जाईल, आणि मूलही होणार नाही."

"बठ्ठं काढून टाका, बाई," लीलाधर म्हणाला. "पोर नाही झालं तरी चालंल. हिचं कळवळनं मले नाही पाहवत."

कुंदाबाईने त्याच्याकडे पाहिले. सहा वर्षांत हे तो प्रथमच बोलला होता.

"तुमी पिलं छाटता, तवा बठ्ठी छाटता का?"

डॉक्टरीणबाई दचकल्या. "पिलं छाटता? कुणाची?"

"केळीची, बाई," लीलाधर ओशाळून म्हणाला, आणि तिघेही हसले.

"एक काहून राखता?" कुंदाबाईने विचारले.

"पुढच्या सालासाठी."

"मंग?"

"अन् गाठ पुन्हा आली तं?"

"पुन्हा येऊ. मोटार काही बंद नाही होत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने गाठी सोलण्याच्या संमतीचा कागद लीलाधरपुढे धरला. त्याने सही केली आणि कागद कुंदाबाईकडे सरकवला. त्याच्या नावाखाली चौथीत गिरवलेल्या अक्षरांत तिने आपले नाव लिहिले. नाकातली चमकी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"चौथ्या खुंटाचं पील राखायचं राह्यलं हाये," ती म्हणाली, आणि नर्सच्या मागोमाग आत गेली.