निरोगी माणसाचं रक्त

सूक्ष्मदर्शकावर वाकून मामांनी नाक मुरडलं.

"कोणाच्या या पेशी? नुसत्या ऐदी! समोर जंतू पडलेत आणि यांचं आपलं बसून चाललंय."

त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या भाचीनं दुसरी काच सरकवली. तिच्यावरच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडल्या होत्या. मामा खूश झाले.

"हां, हे माझं रक्त. दिसतंच आहे."

गावाच्या नळाला फ्लोराइड फार. त्यानं रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात का, हे मामांच्या प्रयोगशाळेनं तपासून सांगायचं होतं. गावकऱ्यांच्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून पाहायच्या, आणि निरोगी माणूस म्हणून मामांनी कौतुकानं स्वतःचीच बाही वर केली होती. फरक निघाला नाही. पाणी निर्धोक, असा अहवाल टाइप होऊन सहीला आला होता. तो गेला की गावाला मिळणारं शुद्धीकरणाचं यंत्र रद्द. भाचीच्या मुलीला वर्षभर गळवं येत होती. मामांच्या मते दोष आईच्या हलगर्जीपणाचा. या गृहस्थांना विद्वान म्हणणाऱ्यांची तिला कीव यायची.

"सर, ही दुसरी काच नव्या सहकाऱ्याची. ते गेल्या आठवड्यात परगावाहून आलेत. तुमची ती पहिली."

"काहीतरीच!"

"तुम्हीही इतकी वर्षं हेच पाणी पिताय. दोन्हीकडे पेशी सुस्त, मग फरक दिसणार कुठून?"

मामा पुन्हा पहिल्या काचेवर वाकले. मग दुसरीवर, मग परत पहिलीवर. शहाण्याला शब्दाचा मार, असं तिला क्षणभर वाटलंही. मग त्यांनी अहवाल ओढला आणि सगळ्या पदव्यांसकट सही ठोकली.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

गावभराच्या निष्कर्षाचा डोलारा स्वतःच्या एका दंडावर उभा करणारा माणूस हे म्हणत होता, आणि त्याला हसूसुद्धा येत नव्हतं.

दाराशी ते थांबले. आवाज उतरला होता.

"खालच्या दुकानात बाटलीबंद पाणी मिळतं ना गं? घरी पाठवायला सांग. रोज."

"सांगते," ती म्हणाली. "गावाला पुरेल एवढं मात्र नसतं त्याच्याकडे."

ते गेल्यावर तिनं दोन्ही काचांचे फोटो काढले, कोणता कोणाचा ते खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, सहीच्या पानाला टाचले आणि लखोटा चिकटवला.