दहा वर्षांचा कॉम्प्युटर

अरे तू आधी ऐक नुसतं, मध्ये बोलू नको. सत्त्याण्णव सालचं सांगतोय. हेंद्रेपाड्यातला हिरामण, अंबरनाथला कंपनीत फिटर, त्याला बहिणीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. मीनलसाठी. नवऱ्याने मारून हाकललेली, पोरगी कडेवर घेऊन माहेरी आलेली. प्रेसवाला म्हणाला होता, घरी मशीन असेल तर टायपिंगचं काम देतो, पण मशीन बंद पडलं की काम दुसऱ्याला. म्हणजे बघ, बाईचं सगळं त्या एका डब्यावर.

तर हिरामण दोन महिने ड्युटी सुटली की कॅम्प दोनच्या कॉम्प्युटर बाजारात. तिथे हरिचंद्र आणि बाळाजी, सख्खे भाऊ, असेंबल करून द्यायचे. ह्याचं एकच टुमणं, दहा वर्षं टिकला पाहिजे. हरिचंद्रने नीट समजावलं. प्रोसेसर एक पायरी खालचा घे, तो पुढे बदलता येतो. मदरबोर्डात कंजूषी करू नको, तो गेला की सगळंच गेलं. ह्याला पटलं. बोर्ड एकदम भारीतला, प्रोसेसर एकशे तेहतीस मेगाहर्ट्झचा.

आठ दिवस मस्त चालला. मग अर्ध्या तासात हँग. रोज. प्रेसवाल्याचं अर्धं पुस्तक अडकलं, त्याने दोन दिवसांची मुदत दिली. त्यात कॅन्टीनमध्ये कोणीतरी पिन मारली, कॅम्पात शंभरच्या चिपवरचा नंबर घासून एकशे तेहतीस मारतात, म्हणून तापते. झालं! हिरामणचं डोकंच सटकलं.

मशीन मीनलच्या मांडीवर, रिक्षा डायरेक्ट दुकानात. हरिचंद्र हसून या म्हणाला, तेवढ्यात ह्याने पिशवीतला पान्हा काढून त्याच्या तोंडावर घातला. दात काउंटरवर पडला रे. तो सावरायला काउंटर धरतो, तर ह्याने त्याच बोटांवर दोनदा हाणला. आवाज मीनलला बाहेर रिक्षात ऐकू आला, तशी ती डबा उचलून आत आली. बाळाजी मागून आला, ह्याची मान धरून कपाळ शटरच्या पट्टीवर आपटलं, पान्हा हिसकावला.

आणि मग हरिचंद्र, तोंडातून रक्त गळतंय, डाव्या हाताने डबा पुढे ओढतो. डब्यावर मीनलने शिवलेलं कव्हर, झालर लावलेलं.

"हे घालूनच चालवता?" त्याने विचारलं.

"धूळ जाऊ नये म्हणून मागाहून शिवलं," मीनल म्हणाली. "दादाच म्हणाला, काढायचं नाही."

हरिचंद्रने कव्हर काढून बाजूला टाकलं. डबा उघडला, चिप काढली, ह्याच्या हातावर ठेवली. हिरामणने नंबरावरून नख फिरवलं. फिटर माणूस, नख अडकल्यावर कळलंच त्याला. नंबर कोरलेला, अस्सल. पंख्याला हवाच नव्हती रे, कोंडून तापत होता डबा.

हिरामण खाली बसला, हरिचंद्रच्या पायाशी. बाळाजीने शटर अर्धं ओढलं. भावाची दोन बोटं लोंबत होती, ह्यापुढे स्क्रू धरता येईल की नाही देवाला ठाऊक. पान्हा बाळाजीच्या हातातच होता, आवाज अगदी थंड.

"तुझी दोन बोटं, नाहीतर तिचा कॉम्प्युटर. काय ठेवतोस काउंटरवर?"

पान्ह्यावर पोट चालणारा माणूस तो, बोटं गेली की नोकरी गेली. आणि मीनल डब्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभी, दादाकडे बघतेय.

हिरामणने उजवा हात उचलला, अर्ध्यावर नेला आणि तिथेच थांबला. तू असतास तर काय ठेवलं असतंस रे?